वीजतंत्री सेकंड इयर प्रॅक्टिकल – स्टार डेल्टा होल्ड होत नाहीये, आणि एकूण तयारी कशी करू?

वीजतंत्री_लातूर

नमस्कार सगळ्यांना. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन सेकंड इयरला आहे, लातूर साईडला. पुढच्या महिन्यात फायनल प्रॅक्टिकल आहे. थेअरीचं एवढं टेन्शन नाही, कॉम्प्युटरवर पर्याय निवडायचे असतात आणि पासिंगला ३३ टक्के लागतात, पण प्रॅक्टिकलला ६० टक्के पाहिजेत आणि तिथंच माझी गाडी अडकतीय.

आमच्या वर्कशॉपला पॅनल कमी आणि पोरं जास्त, त्यामुळं दोघं करतात आणि बाकीचे बघतात. बघून सगळं कळतं पण स्वतः करायला घेतलं की हात थांबतो. डीओएल (मोटर थेट लाईनवर सुरू करणारा स्टार्टर) जमतो. परवा स्टार डेल्टाला (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा स्टार्टर) माझा नंबर लागला, सगळं जोडलं, स्टार्ट दाबलं की स्टारचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) ओढतो, मेन पण ओढतो, मोटर फिरते, पण बोट काढलं की सगळं बंद. सर म्हणले होल्डिंग (बोट काढल्यावरही चालू ठेवणारी जोडणी) बघ, तेवढ्यात पिरेड संपला. घरी येऊन वहीतलं ड्रॉइंग कितीदा बघितलं तरी चूक सापडंना.

दुसरं म्हणजे बाहेरून एक्झामिनर येतात ते नेमकं काय बघतात? नुसतं चालू झालं की मार्क देतात का? आणि तोंडीला काय विचारतात? कुणी दिलीय परीक्षा किंवा घेतलीय त्यांनी जरा डिटेलमध्ये सांगा प्लीज. घरी सराव करायचा तर कसा करू ते पण सांगा, माझ्याकडं पक्कड, टेस्टर आणि एक साधा मल्टीमीटर आहे फक्त.

पॅनलवाला_चाकण

भावा, पहिलं होल्डिंगचं बघू, कारण तू लक्षण नीट लिहिलंयस त्यामुळं निम्मं काम झालंय.

स्टार्ट दाबल्यावर मेन ओढतोय आणि मोटर फिरतेय म्हणजे पॉवरची बाजू, कॉइल, ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) ९५-९६ कॉन्टॅक्ट, स्टॉप बटण हे सगळं ठीक आहे. आता होल्डिंगला तू चुकून २१-२२ घेतला असता तर तो एनसी (न दाबताच जुळलेला कॉन्टॅक्ट) आहे, मग सप्लाय देताच बटण न दाबता मेन ओढला असता. तसं झालं नाही म्हणजे ते पण नाही. राहिलं काय, तर मेन कॉन्टॅक्टरच्या १३-१४ च्या, म्हणजे एनओ (दाबल्यावरच जुळणाऱ्या) कॉन्टॅक्टच्या दोन वायरी. एक वायर स्टॉप आणि स्टार्टच्या मधल्या पॉइंटवरून यायला पाहिजे आणि दुसरी मेनच्या कॉइलच्या ए१ ला जायला पाहिजे. बहुतेक दोन्ही वायरी स्टार्ट बटणाच्या एकाच बाजूला गेल्यात, किंवा स्क्रूखाली तांबं न जाता इन्सुलेशन दाबलं गेलंय. हे दुसरं नवीन पोरांकडून फार होतं, बाहेरून वायर घट्ट बसलेली दिसते, ओढली तरी निघत नाही, पण आत कॉन्टॅक्टच नसतो.

तपासायचं कसं ते नीट वाच, कारण परीक्षेत हेच कामाला येणार. सप्लाय पूर्ण बंद, एमसीबी खाली. मीटर बीपवर ठेव. एक प्रोब स्टॉप-स्टार्टच्या मधल्या पॉइंटला, दुसरा मेनच्या ए१ ला. आता स्क्रू ड्रायव्हरने मेन कॉन्टॅक्टरचं मधलं काळं बटण आत दाब. दाबलं की बीप वाजला पाहिजे आणि सोडलं की थांबला पाहिजे. वाजला नाही तर तिथंच फॉल्ट आहे, दुसरीकडं शोधायचं कारण नाही.

तसंच पॉवर साईडचं. मोटरच्या वायरी पॅनलमधून काढून ठेव, नाहीतर वाइंडिंगमधून मीटर वाजत राहील आणि तू गोंधळशील. स्टार दाबला की यू२, व्ही२, डब्ल्यू२ (तीन वाइंडिंगची शेवटची टोकं; यू१, व्ही१, डब्ल्यू१ ही सुरुवातीची) तिन्ही एकमेकांशी वाजले पाहिजेत. स्टार सोडून डेल्टा दाबला की मेनच्या आउटपुटकडचा यू१ डब्ल्यू२ शी, व्ही१ यू२ शी आणि डब्ल्यू१ व्ही२ शी वाजला पाहिजे. एवढं जमलं की सप्लाय द्यायच्या आधीच तुला माहिती असतं की चालणार आहे.

इंटरलॉक विसरू नको. स्टारच्या कॉइलच्या रस्त्यात डेल्टाचा एनसी आणि डेल्टाच्या कॉइलच्या रस्त्यात स्टारचा एनसी. दोन्ही एकदम ओढले तर तीन फेज एकमेकांवर शॉर्ट होतात, आवाज आणि जाळ दोन्ही होतो. आणि स्टारवरून डेल्टाला नेणाऱ्या टायमरला १५ कॉमन, १५-१६ एनसी, १५-१८ एनओ, साईडला छापलेलं असतं, ते वाचूनच लाव, पाठांतरावर जाऊ नको.

अजून एक, कॉइलवर व्होल्टेज वाचल्याशिवाय कंट्रोल सप्लाय जोडू नको. ४१५ ची कॉइल असेल तर दोन फेज, २३० ची असेल तर फेज आणि न्यूट्रल. परीक्षेला टेबलावर कुठला कॉन्टॅक्टर येईल सांगता येत नाही.

निदेशक_कोल्हापूर

मी निदेशक आहे, दुसऱ्या संस्थांमध्ये प्रॅक्टिकल घ्यायला पण जातो, त्यामुळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो बाळा.

नुसतं चालू झालं की मार्क, असं नसतं. मी टेबलापाशी उभा राहिलो की आधी विद्यार्थ्याचे हात बघतो. जॉब हातात आल्यावर तो आधी ड्रॉइंग काढतो का लगेच वायर कापायला घेतो, पायात बूट आहेत का, हातात कडं किंवा अंगठी आहे का, वायर कशी सोलतो. चाकू वायरीवर आडवा गोल फिरवला की तांब्याला खाच पडते आणि वायर तिथंच तुटते. पेन्सिल सोलल्यासारखा तिरका चालवायचा, किंवा स्ट्रिपर वापरायचा. टर्मिनलच्या बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. लाल पिवळा निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, हे पाळलेलं असलं की मला पण जॉब तपासायला सोपं जातं. कंट्रोलची वायर एकाच रंगाची असली तरी चालेल पण फेरूल नंबर (वायरीच्या टोकावर चढवायची नंबरची नळी) टाक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोडून झालं की विद्यार्थी ओरडतो "सर झालं, सप्लाय द्या". मी विचारतो, तपासलंस का? तिथं निम्मे गप्प होतात. वर पॅनलवाल्या दादांनी जे सांगितलंय ना, कॉन्टॅक्टर हाताने दाबून मीटर लावायचं, ते जो विद्यार्थी माझ्यासमोर स्वतःहून करतो त्याचा जॉब समजा पहिल्या झटक्यात चालू नाही झाला तरी मी त्याला फॉल्ट शोधायला वेळ देतो आणि शोधला तर मार्क पण देतो. कारण साईटवर गेल्यावर त्याला हेच करायचं आहे. नुसतं नशिबाने चालू झालेलं पॅनल आणि तपासून चालू केलेलं पॅनल यात फार फरक आहे आणि तो मुलाशी दोन मिनिटं बोललं की लगेच कळतो.

तोंडीला पहिला प्रश्न बहुतेक तुझ्या जॉबवरच असतो. स्टार डेल्टा का वापरतात? तर "करंट कमी होतो" एवढंच सांगून थांबू नको. स्टारमध्ये लाईन करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो, पण टॉर्क पण एक तृतीयांशच मिळतो, म्हणून पूर्ण लोडवर सुरू करायच्या मोटरला हा स्टार्टर बसत नाही. हे शेवटचं वाक्य आलं की समोरचा खूश होतो. ओव्हरलोड किती ॲम्पिअरला सेट करशील? डीओएलला नेमप्लेटवरचा फुल लोड करंट. स्टार डेल्टात रिले यू१ व्ही१ डब्ल्यू१ च्या वायरीवर बसवला असेल तर नेमप्लेटच्या ०.५८ पट, कारण तिथून फेज करंट जातो. हा प्रश्न मी नेहमी विचारतो.

फर्स्ट इयरचं पण विचारतात हं, सोडून देऊ नको. प्लेट अर्थिंगची प्लेट ६०० बाय ६०० मिलिमीटर, तांब्याची असेल तर जाडी ३.१५ आणि जीआय असेल तर ६.३. लाईटच्या सब सर्किटला १० पॉइंट किंवा ८०० वॅट, पॉवरच्या सर्किटला २ पॉइंट किंवा ३००० वॅट. कुणाला शॉक बसला तर आधी सप्लाय बंद, माणसाला हात नंतर. श्वास नसेल तर छातीवर ३० दाब आणि २ श्वास. विजेच्या आगीला पाणी मारायचं नाही, सीओटू किंवा ड्राय पावडर.

वीजतंत्री_लातूर

दादा आणि सर, खूप खूप धन्यवाद. आज वर्कशॉपला मीटर लावून बघितलं, १३ नंबरला वायर सोलायला कमी पडली होती, इन्सुलेशनवरच स्क्रू बसला होता. परत सोलून लावली आणि होल्ड झालं, टायमरवर डेल्टाला पण गेलं!!

सर एक विचारायचं होतं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) टेस्टला बल्ब काढायचे का ठेवायचे? आमच्यात काही पोरं म्हणतात काढायचे काही म्हणतात ठेवायचे. पुस्तकात वाचलं तरी दोन्ही टेस्ट डोक्यात एकमेकांत मिसळतात.

निदेशक_कोल्हापूर

दोघंही बरोबर आहेत, टेस्ट वेगळ्या आहेत.

वायरिंग आणि अर्थच्या मध्ये बघायचं असेल तर मेन बंद, फ्यूज जागेवर, सगळे स्विच ऑन, बल्ब लावलेले, आणि फेज न्यूट्रल एकत्र जोडून मेगरचं एक टोक तिथं, दुसरं अर्थला. बल्ब लावलेले का, तर बल्बच्या पुढची वायर पण टेस्टमध्ये आली पाहिजे. आणि फेज ते न्यूट्रल बघायचं असेल तेव्हा स्विच ऑन पण बल्ब, पंखे, सगळं लोड काढून, नाहीतर बल्बच्या फिलामेंटमधूनच रस्ता मिळतो आणि मेगर शून्य दाखवतो. कारण डोक्यात ठेव म्हणजे पाठ करायची गरज नाही. मेगर ५०० व्होल्टचा, रीडिंग १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर वायरिंग पास नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी ड्रायव्हर असलं काही असेल तर ते दोन्ही वेळेला बाजूला काढून ठेव.

लाईनवरची_ताई

मी पण आयटीआय इलेक्ट्रिशियनच, आता विद्युत सहाय्यक म्हणून लागलेय. घरच्या सरावाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

घरी सराव करायला सप्लाय लागतच नाही रे. एक जुनी प्लायवूडची फळी घे, दोन टू वे स्विच, एक होल्डर, थोडी केसिंग पट्टी, वायरीचे तुकडे, एवढं जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या वायरमनकडं मिळून जातं. जिना वायरिंग कर, बल्ब लाव आणि मीटरने तपास, फेजच्या टोकापासून न्यूट्रलच्या टोकापर्यंत एका स्विचने रस्ता सुरू होतो आणि दुसऱ्याने बंद होतो का ते. मग सगळं सोड आणि परत कर, यावेळी वही न बघता. सोडायला कंटाळा करू नको, सराव त्यातच आहे. घरच्या सॉकेटमधून सप्लाय द्यायचा मोह होईल, तो मात्र देऊ नको, घरी एकटा असताना तर नाहीच.

जुना कॉन्टॅक्टर मिळाला तर अजून चांगलं, कॉइल जळलेली असली तरी चालते, हाताने दाबून एनओ एनसी शिकायला कॉइल कशाला पाहिजे.

केसिंगच्या जॉबला फिनिशिंगचे मार्क असतात हे पोरं विसरतात. आधी लाईन मारून घे, उभ्या लाईनला ओळंबा धर. कोपऱ्यावर पट्टी ४५ अंशात काप, फट राहिली की लांबून दिसते. स्क्रू अर्धवट बसलेला, पट्टी वर आलेली, बोर्ड तिरका, हे एक्झामिनर दारातून आत येतानाच बघतो.

आणि टेस्टरवर विश्वास ठेवू नको एवढं माझं ऐक. नुसता निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन मेली असं धरून चालायचं नसतं. आधी चालू असलेल्या ठिकाणी मीटर लावून मीटर बरोबर दाखवतोय का बघ, मग कामाच्या ठिकाणी बघ, मग परत चालू ठिकाणी. आम्ही लाईनवर असंच करतो, आणि तिथं पुढं डिस्चार्ज रॉड लावून अर्थ केल्याशिवाय कंडक्टरला हात लावत नाही. ही सवय आतापासून लाव, परीक्षेपुरती नको. आमच्या कामात माणसं जातात रे, आणि बहुतेक वेळा लाईन बंद आहे असं समजूनच जातात.

वीजतंत्री_लातूर

ताई आजच फळी शोधतो. मामाकडं जुने दोन कॉन्टॅक्टर पडलेत, ते पण मागून घेतो. शेवटचं एकच, सीलिंग फॅनच्या तीन वायरी ओळखायला दिल्या तर? रंग पुसलेले असतात म्हणे मुद्दाम.

पॅनलवाला_चाकण

कॅपॅसिटर काढून मीटर ओहमवर ठेव आणि दोन दोन वायरी धरून तिन्ही जोड्यांचं रीडिंग कागदावर लिही. सगळ्यात जास्त ज्या जोडीला येईल ती स्टार्टिंग आणि रनिंगची दोन टोकं, उरलेली तिसरी वायर कॉमन. मग कॉमनपासून ज्या टोकाला कमी ओहम ते रनिंग, जास्त ते स्टार्टिंग. कमी अधिक दोन रीडिंगची बेरीज तिसऱ्या मोठ्या रीडिंगएवढी आली पाहिजे, नाही आली तर कुठंतरी मोजायला चुकलास किंवा वाइंडिंगमध्ये गडबड आहे. कॅपॅसिटर २.५ मायक्रोफॅरडचा, तो रनिंग आणि स्टार्टिंगच्या टोकांमध्ये, आणि सप्लाय कॉमन आणि रनिंगला. फॅन उलटा फिरला तर कॅपॅसिटर तसाच ठेवून सप्लायची वायर रनिंगवरून स्टार्टिंगच्या टोकाला लावली का ते बघ, तिथंच गडबड झालेली असते.

जॉब झाला की रीडिंगचा कागद फेकू नको, उत्तरपत्रिकेला जोडून दे.