‘चाल’ की ‘धून’?

झुळूक:
अमेरिकेत लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांच्या नाचगाण्यांवरचा लेख मराठीत करतेय. एका वाक्यावर गाडी अडलीय. १९२९ साली आमेदे ब्रोने भाऊ ओफी आणि बहीण क्लेओमा यांना घेऊन एक वॉल्ट्झ (तीन मात्रांचं नाचगाणं) रेकॉर्ड केला. तबकडीवर शीर्षक ‘मा ब्लाँद ए पार्ती’, म्हणजे ‘माझी सोनकेशी गेली’. १९४६ मध्ये हॅरी शोट्सच्या फिडलवर तीच ‘जोल ब्लाँ’ म्हणून गाजली. तीच काय? मी ‘धून’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी ‘चाल’ केलं. मला पटत नाहीये. गाण्याला चाल असते, पण अकॉर्डियन-फिडलवर नुसतं नाचायला वाजवतात तेव्हा?

वाटसरू:
बाईंचं बरोबर आहे. ‘धून’ हिंदी गाण्यांबरोबर आली. आमच्या भजनी मंडळात बुवा म्हणायचे, “हा अभंग ‘रूप पाहतां’च्या चालीवर घ्या.” अभंग बदलला तरी चाल तीच. शिवाय चाल म्हणजे चालणंही. नाचाच्या संगीताला याहून नेमका शब्द कुठून आणणार?

रियाजी:
व्युत्पत्ती गोड आहे, पण सतारिये मैफल संपवताना भैरवीची धून वाजवतात, तिला कुणी चाल म्हणत नाही. चाल शब्दांना लावतात. बाहेरून आला म्हणून शब्द टाकायचा तर मग ‘मैफल’चं काय करू?

वाटसरू:
शब्दच हवेत ना? घ्या. ‘ग्रां तेक्सास’ या केजन गाण्यात प्रेयसी टेक्सासला निघून गेल्याचं दुःख आहे. त्याच चालीवर १९५२ मध्ये कंट्री गायक हँक विल्यम्सने ‘जांबालाया’ केलं, त्यात खाणंपिणं आणि मजा. शब्द पार बदलले, उरली ती चालच.

पाटीपेन्सिल:
संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल –’ छापून दुसऱ्या गाण्याचा मुखडा देत. ‘सौभद्रा’त (१८८२) साक्या-दिंड्या आहेत. ‘दिंडी’ म्हटलं की गाणाऱ्याला चाल कळते, पद कुठलंही असो. केजन चालीला असं स्वतःचं नाव नसलं की गावाचं नाव चिकटतं, अमक्या गावाचा टू-स्टेप (जोडीने करायचा नाच). तेव्हा मला ‘शीर्षक’ जास्त खटकतं. ‘नाव’ लिहा.

झुळूक:
‘नाव’ घेतलं! १९२८ ची पहिली केजन तबकडी जो फाल्कन आणि या क्लेओमाचीच, ‘लाफायेतला जाऊ या’. तीच चाल ‘खेड्यातली तरुण पोरं’ या अर्थाच्या नावानेही वाजते. आणि पहिल्याच ओळीत तो तिला म्हणतो, तुझं नाव बदलायला जाऊ या. म्हणजे लग्नाला.

वाटसरू:
हे वाचून आत्याचं लग्न आठवलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. आजीने तेच तांदूळ गोळा करून डब्यात ठेवले. माहेरी मात्र तिला शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारायचे.

रियाजी:
या विधीला तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्याकडे नुसतं ‘नाव ठेवणं’.

पाटीपेन्सिल:
‘नाव ठेवणं’ बारशाचं ना? लग्नात ‘नाव बदलणं’. आणि हे गृहप्रवेशानंतर की मांडवातच?