पीक वाढत्या कार्बन डायऑक्साइडशी ‘अनुकूलन’ साधतं की त्याला ‘सरावतं’?

प्रश्न : पिकांच्या संगणकीय मॉडेलवर मराठीत लिहितोय. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानाचं प्रकाशसंश्लेषण आधी जोर धरतं, पण काही आठवड्यांत त्यातला थोडा जोर ओसरतो. याला इंग्रजीत ‘अ‍ॅक्लिमेशन’ म्हणतात. ‘अनुकूलन’ चालेल?

— चालणार नाही. पाठ्यपुस्तकांत अनुकूलन म्हणजे निवडुंगाचे काटे, पिढ्यानपिढ्या घडलेली गोष्ट. इथे रोपही तेच आणि जनुकंही तीच. ‘सरावणे’ घ्या. डोळे अंधाराला सरावतात, तसंच.

— सराव म्हटलं की कसब वाढल्यासारखं वाटतं. इथे तर क्षमता उतरते. सरळ ‘घट’ का नको?

— कारण वाचक समजेल, प्रकाशसंश्लेषण पूर्वीपेक्षा कमी झालं. तसं नसतं. साखर तयार होते तेवढी खर्ची पडली नाही की पान कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराची निर्मिती आवरती घेतं. नत्र अपुरं असेल तर हे जास्त जाणवतं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी नत्र पुरवतात आणि साखरही खातात, म्हणून तिथे कमी. तरी एकूण वेग सहसा आधीपेक्षा वरच राहतो. वाढीतली घट आहे ती, नुसती घट नव्हे.

आकड्यांत बघा. फार्कहर, फॉन केमरर आणि बेरी यांच्या 1980च्या मॉडेलमध्ये रुबिस्कोचा वेग आणि प्रकाशाच्या ऊर्जेवर चालणारी त्याच्या कच्च्या मालाची पुनर्निर्मिती, यांतलं जे कमी पडेल ते पानाचा वेग ठरवतं. तापमान 25 अंश, रुबिस्कोची कमाल क्षमता 100 (वेगाचं आणि क्षमतेचं एकक एकच : दर चौरस मीटर पानाला दर सेकंदाला मायक्रोमोल) आणि पानाच्या आत बाहेरच्या 70 टक्के कार्बन डायऑक्साइड धरा. ऊर्जा कमी पडत नाही असंही धरा. हवेत कार्बन डायऑक्साइड 400 पीपीएम (दहा लाखांत 400 भाग) असताना वेग साधारण 24 येतो, 550 पीपीएमला 31. आता क्षमता 90 करा : 28. चोवीसचे एकतीस होणं हा ‘प्रतिसाद’, एकतीसवरून अठ्ठावीसवर येणं हे ‘सरावणं’. कार्बन डायऑक्साइडनुसार वेग दाखवणारा वक्र काढला, तर पहिल्यात आपण त्याच वक्रावर वर सरकतो, दुसऱ्यात वक्रच खाली येतो. क्षमता कायमची 100 ठेवणारं मॉडेल उत्पादनाचा अंदाज फुगवून सांगू शकतं, त्यामुळे या दोन शब्दांची सरमिसळ महागात पडते.

— मका, ऊस यांचं काय?

— ती पिकं पानाच्या आतच कार्बन डायऑक्साइड एकवटून रुबिस्कोला पुरवतात. मुळात प्रतिसादच थोडा, मग सरावणार कशाला!

— सगळं पटलं, पण नाम काय करायचं? ‘सरावणूक’ कानाला खटकतं.

— मग वाक्यात क्रियापदच ठेवा. परिभाषा हवीच असेल तिथे ‘क्षमता-समायोजन’ लिहा, जरा कार्यालयीन वाटलं तरी. आलेखातल्या दोन रेषांना मात्र ‘सरावलेलं पान’ आणि ‘न सरावलेलं पान’ ही नावं खुशाल द्या.