बस्टर कीटन असं पडायला शिकला कुठे?

प्रश्न: काल मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६) पाहिला. आगगाडीवर एवढी धडपड करून याची हाडं शाबूत कशी?

उत्तर: अहो, तो पोरवयापासून आईबापांबरोबर व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या अमेरिकी खेळांच्या, रंगमंचावर! बाप त्याला नेपथ्यावर, कधी चक्क प्रेक्षकांत भिरकवायचा. धरायला सोपं म्हणून पोराच्या कपड्यांना सुटकेसची मूठ शिवलेली. आपण हसलो की लोक हसत नाहीत, हे तिथेच उमगलं. म्हणून तो मख्ख चेहरा. १९१७ साली विनोदी नट रॉस्को आरबकलने सिनेमात आणलं.

दुसरं उत्तर: शाबूत कसली! 'शेरलॉक ज्युनिअर' सिनेमाच्या वेळी मान मोडली, कळलं कित्येक वर्षांनी एक्स-रे काढल्यावर.

प्रश्नकर्ता: बापरे! मग बोलपटांनी संपवला का?

पहिलेच: आवाज बरा होता हो. १९२८ मध्ये एमजीएम या बड्या स्टुडिओशी करार केला अन् स्वतःच्या मर्जीने काम करणं संपलं. वर दारू.