मदत हवी आहे: चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी, बैठकीत नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

मी गेली अकरा वर्षं चाकणला राहते. येत्या गुरुवारी महामार्ग, वाहतूक पोलीस आणि नगरपरिषद या तिघांचे अधिकारी एकत्र बसणार आहेत आणि आमच्या भागातल्या सोसायट्यांना बोलायला दहा मिनिटं मिळाली आहेत. निवेदन लिहायचं माझ्याकडे आलंय. "कोंडी सोडवा" अशी निवेदनं याआधी तीन वेळा दिली. पोच मिळते, पुढे काहीच हलत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे.

हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुणे-नाशिक महामार्ग (क्र. 60) चाकणच्या मधून जातो आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता (क्र. 548डी) त्याला तळेगाव चौकात आडवा छेदतो. दोन राष्ट्रीय महामार्ग एकाच पातळीवर, सिग्नलवर भेटतात. मुंबईकडून नगर रस्त्याला जाणारे आणि पुणे शहर टाळणारे कंटेनर इथूनच वळतात. त्यात एमआयडीसीच्या कंपन्यांच्या बस, मार्केट यार्डाकडे निघालेले कांद्याचे ट्रक, आणि शनिवारी जनावरांचा बाजार. पुढे राजगुरुनगरला (म्हणजे खेडला), नारायणगावला बाह्यवळण झालं, आमच्या वाट्याला आलं नाही. नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्ग होणार हे आम्ही ऐकून आहोत. तो व्हावाच. पण काम सुरू झालं की खांबांसाठी याच रस्त्याचा मधला पट्टा अडणार, म्हणजे तोवरची वर्षं आणखी कठीण जातील.

मुलगी दहावीला आहे. सराव परीक्षेच्या दिवशी आम्ही घरून सव्वा तास आधी निघालो, तरी शेवटचा दीड किलोमीटर ती दप्तर घेऊन पळत गेली. पहिला प्रश्न लिहायचा राहिलाच तिचा. हे मला बैठकीत रडत सांगायचं नाहीये. मला अशा गोष्टी मागायच्या आहेत की ज्यांना "वरून मंजुरी लागेल" असं उत्तर देता येणार नाही.

तर विचारायचं हे, की पूल किंवा बाह्यवळणाशिवाय या चौकात काय करता येतं? आणि कोणती गोष्ट कोणाच्या अखत्यारीत येते?

प्रतिसाद: मोजपट्टी

ताई, वाहतूक नियोजनाच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौकातून चारही बाजूंनी उजवी वळणं चालू असली की सिग्नलला चार पाळ्या द्याव्या लागतात. प्रत्येक बाजूला हिरवा दिवा जेमतेम पाव वेळ मिळतो, आणि त्यातही लांब ट्रेलर जागचा हलेपर्यंत काही सेकंद जातात. गर्दीच्या तासांत उजवी वळणं बंद करून पुढे यू-टर्न दिला तर पाळ्या दोनवर येतात. मात्र चाळीस फुटी कंटेनरला तिथे यू-टर्न जमणार नाही. त्यामुळे ही मागणी एकटी करू नका, त्या तासांत अवजड वाहनं बंद ठेवायची मागणी तिच्याबरोबरच ठेवा.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 115 बघा. वाहनांवर निर्बंध घालायचा अधिकार त्यात आहे, आणि निर्बंध महिन्याभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्धीची गरज नसते. म्हणून एक महिन्याचा प्रयोग मागा, तारखेसह. नकार द्यायला सगळ्यात अवघड मागणी हीच.

दुसरं, स्वतः मोजा. चौकाच्या चारही बाजूंना माणसं उभी करून दर 15 मिनिटांना कुठून आलं, कुठे वळलं याची नोंद ठेवा. नुसता वाहनांचा आकडा उपयोगाचा नाही. आमच्या हिशेबात कार 1 धरली तर दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस 3 आणि ट्रेलर साडेचार. त्या भाषेत तक्ता दिलात तर समोरचा माणूस तो वाचतो.

प्रतिसाद: भामाकाठ

मी एका सुट्या भागांच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. गाडी ठरलेल्या वेळेच्या आधी आली तर गेटच्या आत घेत नाहीत. ड्रायव्हर बिचारा कुठे जाणार? रस्त्याच्या कडेला लावतो आणि तिथेच स्टोव्ह पेटवतो. एक लेन तिथेच गेली. त्याला दंड करून काही होत नाही, उभं राहायला जागा हवी. त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 प्रमाणे थांबे ठरवता येतात, त्यासाठी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत लागते, म्हणजे नगरपरिषद आली. कंपनी बस आणि रिक्षांचे थांबेही चौकाच्या तोंडावरून शंभर-दीडशे मीटर मागे न्यायला त्याच कलमात सांगा.

शिफ्ट सुटायची वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे करायची विनंती कंपन्यांना करता येईल, पण सक्ती कोणी करू शकत नाही. दहा मिनिटांत त्यावर वेळ घालवू नका.

मोजपट्टी

भामाकाठ, जागेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. बरोबर आहे. ताई, अतिक्रमणाचा विषय निघाला तर महामार्गाच्या हद्दीतलं हटवायचा अधिकार 2002 च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याने महामार्ग प्रशासनालाच आहे. "नगरपरिषदेला सांगा" हे उत्तर घेऊ नका. माहिती अधिकाराचा अर्जही आजच टाका, उत्तराला 30 दिवस लागतात. राज्याच्या कार्यालयाला एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, हे सांभाळा. कारणं विचारू नका, सिग्नलच्या वेळापत्रकाची आणि वाहनमोजणीची प्रत मागा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आधी मी आठ मागण्या लिहिल्या होत्या, त्या फाडून आता तीनच ठेवते: महिन्याभराचा प्रयोग, थांबे मागे, कंटेनरना जागा. मोजणी मंगळवारी सकाळी 8 ते 10 आणि दुपारी 3 ते 5 करू, शनिवारी बाजारामुळे आकडे वेगळे येतील. आमची सहा माणसं आहेत, चार बाजूंना दोन-दोन धरली तर आणखी दोन लागतील. चाकण, मेदनकरवाडी, नाणेकरवाडीतलं कोणी येऊ शकत असेल तर इथेच लिहा. आणि मोजपट्टी, तक्त्याचा नमुना टाकाल का? टेम्पो कशात धरायचा तेही सांगा.