'सम रायटर!' आधी की 'शार्लट्स वेब' आधी?

शाईचा डाग:

भाचीला वाचून दाखवायला म्हणून एक पुस्तक आणलं आणि तिच्या आधी मीच फस्त केलं. मेलिसा स्वीट यांनी लिहिलेलं आणि चितारलेलं 'सम रायटर!', २०१६ सालचं. ई. बी. व्हाइट यांचं चित्रमय चरित्र. मुलांसाठीची चरित्रं मला एरवी सोसत नाहीत. जन्म, शाळा, कष्ट, यश, पुतळा, आणि मधेमधे एखादं फिकट रेखाचित्र. हे तसलं नाही. जलरंग, कागदांचे कपटे, नकाशे, घरातले फोटो, पत्रं, खर्डे असं काय काय बाईंनी पानापानावर मांडून ठेवलंय. कुणाच्या तरी टेबलाचा खण उघडून बसलोय असं वाटत राहतं. व्हाइटची स्वतःची वाक्यं टाइपरायटरच्या ठशात येतात, त्यामुळे आता कोण बोलतंय हे पोरांनाही वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांना हा माणूस ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जन्म १८९९, न्यूयॉर्कला लागून असलेल्या माउंट व्हर्ननमधला. सहा भावंडांत शेंडेफळ. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात नाव झालं आणि मग मेन राज्यात समुद्रालगतच्या शेतावर बिऱ्हाड हलवलं. मेंढ्या, कोंबड्या, डुकरं, सगळा पसारा. मुलांसाठी पुस्तकं लिहिली तीन. १९४५ साली 'स्टुअर्ट लिटल', १९५२ साली 'शार्लट्स वेब', १९७० साली 'द ट्रम्पेट ऑफ द स्वॉन'. बस्स, तीनच. त्यातला स्टुअर्ट त्याला आगगाडीत झोपेत दिसला होता, उंदराएवढा मुलगा. पुढे कित्येक वर्षं तो कागदावर कमी आणि भाचरंडांना सांगायच्या गोष्टींत जास्त होता. व्हाइटला भाचे-पुतणे अठरा होते म्हणे! मला एक आहे तर माझा घसा बसतो.

आता अडचण. भाची आठ वर्षांची आहे. 'शार्लट्स वेब', म्हणजे शार्लट नावाची कोळीण जाळ्यात शब्द विणून विल्बर या डुकराचा जीव वाचवते ती कादंबरी, तिने अजून वाचलेली नाही. पण हे चित्रांचं पुस्तक समोर दिसल्यावर ती थोडीच थांबणार. शेतावरच्या चित्रांपाशी आली आणि "मावशी, इथे काय झालं?" सुरू. मी आपलं खरं ते सांगून टाकलं. व्हाइट दरवर्षी वसंतात डुकराचं पिल्लू आणायचा, उन्हाळाभर खाऊपिऊ घालायचा आणि थंडीला मांसासाठी मारायचा. १९४७ च्या सप्टेंबरात त्यातलं एक आजारी पडलं. त्याने रात्री जागवल्या, एरंडेल पाजलं, गुरांच्या डॉक्टरला बोलावलं, तरी ते गेलं. मग त्याने त्यावर एक लेख लिहिला.

भाची जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मारायचंच होतं तर औषध कशाला दिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. पाणी पिऊन येते म्हणून उठले ती दहा मिनिटं स्वयंपाकघरातच उभी राहिले.

तर जाणकारांना दोन प्रश्न. कादंबरी आधी वाचून चरित्र नंतर द्यायला हवं होतं का? आणि आता घोळ झालाच आहे तर चरित्र तात्पुरतं वरच्या फळीवर ठेवून कादंबरी सुरू करू, की दोन्ही बरोबर चालू देऊ? शार्लट शेवटी मरते हे चरित्रात कळतंच. ते मला तिला इतक्यात कळू द्यायचं नाहीये.

---

रांगेत शेवटचा:

कादंबरी आधी. यात चर्चा कसली? स्वयंपाक कसा झाला हे जेवणाआधी कोणी सांगत बसतं का?

---

गव्हाणीपाशी:

शाईताई, तुमच्या भाचीने विचारलेला प्रश्न एकदा कादंबरीच्या पहिल्या पानाशेजारी ठेवून बघा. फर्न नावाची मुलगी न्याहारीची ताटं मांडतेय आणि आईला विचारते, बाबा ती कुऱ्हाड घेऊन कुठे चाललेत? रात्री डुकरीण व्यायली, त्यातलं एक पिल्लू अगदीच अशक्त, म्हणून बाबा त्याला मारायला निघालेत. फर्न धावत जाऊन कुऱ्हाडीलाच लोंबकळते. तिचं म्हणणं सरळ आहे: मी जन्मताना एवढीशी असते तर मलाही मारलं असतं का? तिच्या बापाकडेही धड उत्तर नसतं. तो पिल्लू तिच्या हवाली करतो. तुम्ही पाणी प्यायला उठलात, तो कुऱ्हाड ठेवून घरात आला. फरक काय?

त्यामुळे माझ्या मते तुमच्याकडून घोळ वगैरे काही झालेला नाही. भाची आपल्या पायांनी चालत गोष्टीच्या दारात येऊन उभी राहिलीये. उद्याच सुरू करा. ती पहिल्या वाक्याला कान टवकारते की नाही बघा.

आणि खर्ड्यांचा विषय तुम्ही एका शब्दात उरकलात, मला तर त्यासाठीच हे पुस्तक आवडलं. ही पहिली ओळ व्हाइटला पहिल्या झटक्यात सुचलेली नाही. आधीच्या खर्ड्यांत त्याने कोळणीपासून सुरुवात करून पाहिली, गोठ्यापासून करून पाहिली, मध्यरात्री कंदील घेऊन डुकरांकडे निघालेल्या शेतकऱ्यापासूनही करून पाहिली. फर्न त्यात नव्हतीच! गोष्ट लिहून झाली होती, तरी कुठेतरी खटकतंय म्हणून त्याने बाड बाजूला ठेवलं. बऱ्याच महिन्यांनी पुन्हा हातात घेतलं तेव्हा ही मुलगी आत आली, आणि तिच्यासाठी नवी प्रकरणं लिहावी लागली. माझ्या मुलाला निबंधात एक शब्द खोडायला सांगितला तरी वही खराब होते म्हणून रडतो. त्याला मी व्हाइटच्या खोडाखोडीचं पान दाखवलं. तो म्हणाला, "याच्या बाईंनी याला चालवून कसं घेतलं?"

---

कोळिष्टक:

माझं टोपणनाव बघून कळलंच असेल की या धाग्यावर मी येणारच होतो.

डुकराबद्दल सगळे बोलतात, कोळणीबद्दल कोणी बोलत नाही. व्हाइटने मेनमधल्या आपल्या गोठ्यात एका कोळणीला अंड्यांची पिशवी विणताना पाहिलं. शिडी आणि दिवा घेऊन, अगदी जवळून. काही दिवसांनी ती दिसेनाशी झाली. त्याला न्यूयॉर्कला परतायचं होतं. मग त्याने स्वतःच ती पिशवी पात्याने कापून काढली, गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवली, झाकणाला भोकं पाडली आणि शहरातल्या घरी नेऊन खोलीतल्या कपाटावर ठेवून दिली. पुढे विसरला. काही आठवड्यांनी बघतो तर भोकांतून टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं बाहेर येतायत. त्यांनी केसांच्या ब्रशपासून नखांच्या कात्रीपर्यंत आणि तिथून आरशापर्यंत धागे ताणले. आठवडाभर तो आणि ती मंडळी गुण्यागोविंदाने नांदले. शेवटी साफसफाईला येणाऱ्या बाईंनी त्या खोलीत काम करायला नकार दिला आणि संसार मोडावा लागला. कादंबरीत शार्लटच्या पिशवीत ५१४ अंडी आहेत, ती मोजून ठेवणारा लेखक हा असा होता.

शार्लटच्या आडनावाचीही गंमत आहे. आधी त्याला ती वेगळ्याच जातीची वाटली होती आणि आडनावही त्याप्रमाणे ठरलं होतं. मग त्याने अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले कोळीतज्ज्ञ विलिस गर्ट्श यांना गाठलं, त्यांचं पुस्तक वाचलं, आणि कळलं की ही तर गोठ्यात राहणारी 'अरेनिया कॅव्हाटिका'. म्हणून शार्लट ए. कॅव्हाटिका. तिच्या पायाचे सात भाग ती डुकराला नावानिशी सांगते: कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस. एकही चुकीचा नाही. मी पडताळलंय.

चित्रकार गार्थ विल्यम्स यांनी सुरुवातीला शार्लटला बाईचा चेहरा देऊन पाहिला होता. व्हाइटने त्यांना गर्ट्श यांचं पुस्तक धाडलं. कोळीण कोळणीसारखीच दिसली पाहिजे, हा त्याचा हट्ट. शेवटी चेहऱ्याच्या जागी दोन ठिपके आले. भाचीला चित्र दाखवताना ते ठिपके शोधायला सांगा. चरित्र तोवर फळीवर ठेवलंत तरी चालेल, पण त्यातली कोळ्यांची पानं मात्र आधी दाखवा. त्यानंतर ती घरातलं एकही जाळं झाडू देणार नाही, ही जबाबदारी माझी नाही.

---

निवृत्त मुद्रितशोधक:

मूळ प्रश्नाला धरून नाही, पण राहवत नाही. तुम्ही भाचीला मराठीत सांगत सांगत वाचणार असाल तर जाळ्यातल्या शब्दांचं काय करणार? कोळीण डुकराच्या कौतुकाला जाळ्यात 'सम पिग' विणते, ते मराठीत आणताना भल्याभल्यांची दांडी उडेल. "काय डुक्कर आहे!" म्हटलं तर आपल्याकडे ती शिवी होते. "विलक्षण डुक्कर" हे समीक्षकाने लिहिल्यासारखं वाटतं. "एक नंबर डुक्कर" रिक्षाच्या मागे शोभेल.

मला सुचतं ते: "डुक्कर असावं तर असं!" यात एक सोय अशी की चरित्राचं नावही त्याच साच्यात बसतं. 'लेखक असावा तर असा!' स्वीटबाईंनी नाव जाळ्यातल्या त्या शब्दांवरूनच बेतलंय, तेव्हा हा धागा मराठीतही तुटता कामा नये. तक्रार एकच, अक्षरं वाढतात. बिचारीला एका रात्रीत विणायचंय.

बाकी देवनागरी कोळणीला रोमनपेक्षा सोपी जाईल. आधी शिरोरेषेचा एक आडवा धागा ताणायचा आणि मग अक्षरं त्याला टांगायची. त्या 'ड'च्या गाठीत मात्र ती नक्की अडकणार.

---

रांगेत शेवटचा:

नाना, "वा रे डुक्कर!" चालेल का? कमी धाग्यात काम.

---

निवृत्त मुद्रितशोधक:

"वा रे" मध्ये टोमणा आहे. तुम्हाला कोणी "वा रे पठ्ठे" म्हटलं तर तुम्ही आधी मागे वळून काय सांडलंय ते बघाल.

---

शाईचा डाग:

सगळ्यांचे आभार. रांगेतले शेवटचे, तुमचा सल्ला पहिला होता आणि तोच मोडला. कोळिष्टक, तुमच्यामुळे आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातलं जाळं आता संरक्षित क्षेत्र आहे.

मागच्या आठवड्यात कादंबरी सुरू केली. गव्हाणीपाशी, तुम्ही म्हणालात तसंच झालं. कुऱ्हाडीच्या वाक्याला भाचीने माझा हात धरून वाचणं थांबवलं आणि विचारलं, "हे त्याच माणसाने लिहिलंय ना, ज्याने औषध दिलं होतं?" मी हो म्हटलं. "मग वाच." एवढंच. पुढे तिने तो विषय काढला नाही आणि मीही नाही. रोज दोन प्रकरणं चाललीत. पेरूची टोपली भरावी तसा टेम्पलटन उंदीर जे दिसेल ते बिळात भरतो, त्यावर ती भयंकर खूश आहे. विल्बर तिला रडका वाटतो. नाना, "डुक्कर असावं तर असं!" हेच घेतलं. तिला आवडलं, पण तिचं म्हणणं की शेवटचं उद्गारचिन्ह कोळणीने विणलं नसेल, तेवढा धागा उरलाच नसेल.

चरित्र फळीवर ठेवलं नाही. कोळ्यांची पानं आणि खोडाखोडीची पानं उघडी, पुढची पानं रबर लावून बंद. रबराकडे ती रोज संशयाने बघते.

मला खरी धास्ती शेवटून दुसऱ्या प्रकरणाची आहे. जत्रेतून सगळे निघून गेल्यावर शार्लट एकटीच मरते ते. १९७० मध्ये व्हाइटने ही कादंबरी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. तेव्हा हे प्रकरण आवाज न फुटता वाचायला त्याला १७ वेळा प्रयत्न करावे लागले, असं सांगतात. वय ७०-७१, स्वतः लिहिलेलं, १८ वर्षांपूर्वी छापून झालेलं.

आम्ही रविवारपर्यंत तिथे पोचू. मी कालपासून दार लावून सराव करतेय. आतापर्यंत चारदा वाचलं.