आंब्याचा हंगाम, भरलेली पिकअप आणि आवळलेला रॉड: बूस्ट वाढवावा की नाही?

देवगड_पिकअप:
मार्च लागला की देवगड-राजापूरच्या पेट्या वाशीला आणि कोल्हापूरला निघतात, आणि भरलेल्या पिकअप फोंडाघाटात, आंबा घाटात दुसऱ्या गियरमध्ये कण्हत चढतात. गाडीला ओढ नसेल तर टर्बोच्या वेस्टगेट ॲक्च्युएटरचा (जादा एक्झॉस्ट सोडणारी झडप हलवणारा डबा) रॉड एक-दोन आटे आवळावा आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब, 1.2 बारवरून 1.4 वर न्यावा, असं माझं मत आहे. कंपनी एकच सेटिंग लडाखपासून कोकणापर्यंत देते, त्यात राखीव जागा ठेवलेली असतेच. शिवाय डिझेलला हवा जास्त मिळाली की धूर कमी, सायलेन्सरकडचं तापमानही कमी. पेट्रोलसारखी नॉकिंगची (इंधन आपोआप पेटून इंजिनात ठोके बसण्याची) भीती इथे नाही. मग विरोध कशासाठी, ते मुद्द्यावर सांगा. "कंपनीने दिलंय तेच बरोबर" हे उत्तर नको.

कुडाळी_पाना:
मुद्द्यावरच बोलू. वेस्टगेटची झडप बूस्ट ठरलेल्या दाबाला पोचेपर्यंत बंदच असते. त्या दाबाला ॲक्च्युएटरच्या डब्यातली स्प्रिंग दबते, रॉड झडप उघडतो आणि जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. हेअरपिन वळणातून गाडी बाहेर पडते तेव्हा इंजिन असतं 1200-1300 आरपीएमवर. तिथे एक्झॉस्टमध्ये टर्बाइन फिरवायला पुरेशी ताकदच नसते, बूस्ट जेमतेम 0.3-0.4 बार असतो. झडप आधीच पूर्ण बंद आहे, मग रॉड आवळून आणखी काय बंद करणार? तुम्हाला जोर हवा आहे खाली, आणि रॉड बदलतो फक्त वरचं टोक.

दुसरं म्हणजे तुमची पिकअप कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं. डिझेल किती मारायचं ते ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवतो, पेडल आणि टॉर्कच्या मर्यादेवरून. हवा 1.4 बारने आली म्हणून तो आपणहून जास्त डिझेल सोडत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपावर बूस्टच्या दाबाने डायफ्रॅम सरकून डिझेल वाढायचं. आवळण्याची ही विद्या त्या काळातली. कॉमन रेलमध्ये मॅप सेन्सरला (इनटेकमधला दाब मोजणारा) अपेक्षेपेक्षा जास्त दाब दिसला की पी0234 हा ओव्हरबूस्टचा कोड येतो, गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कापून चालायच्या अवस्थेत) जाते आणि मग ती घाट चढत नाही, घाटात उभी राहते.

देवगड_पिकअप:
झडप "पूर्ण बंद" असते हे नव्या टर्बोचं झालं. जुन्या टर्बोत झडपेची पिन झिजते, बसण्याची जागा खरवडते, स्प्रिंग थकते. मग एक्झॉस्टचा दाबच झडपेला आतून ढकलतो आणि ती 0.5-0.6 बारलाच गळायला लागते. अशा गाडीत रॉड आवळला की बूस्ट लवकर भरतो, अगदी 1600-1700 आरपीएमला फरक कळतो. हे खोटं आहे का?

कुडाळी_पाना:
खोटं नाही. पण त्याला बूस्ट वाढवणं म्हणत नाहीत, मूळ ताण परत आणणं म्हणतात. आणि ते आटे मोजून होत नाही. कॅनिस्टरला हातपंपाने दाब द्यायचा, रॉडच्या टोकाला डायल गेज लावायचा आणि रॉड 1 मिमी सरकतो तेव्हा दाब किती आहे ते त्या टर्बोच्या नेमून दिलेल्या आकड्याशी जुळवायचं. दाब न देता रॉड पिनवर बसवताना थोडा ओढावा लागला पाहिजे. आयता घसरून बसला तर ताण गेलाय. त्याआधी रॉड सोडून झडप हाताने हलवून बघा. पिन खडखडत असेल तर कितीही आवळा, झडप तिरकीच बसणार.

आणि व्हीजीटी टर्बोवाल्यांनी यात पडूच नये. त्यात वेस्टगेट नसतोच, टर्बाइनभोवतीची पाती फिरतात. जुन्या 1.3 मल्टिजेटमध्ये 75 हॉर्सपॉवरला साधा टर्बो होता, 90 ला व्हीजीटी. एकच इंजिन म्हणून 75 वाल्याचा सल्ला 90 वाल्याने ऐकला की संपलं. व्हीजीटीच्या स्टॉप स्क्रूला हात लावला तर खालच्या आरपीएमला पाती जास्त मिटतात, बॅकप्रेशर (एक्झॉस्टचा उलटा दाब) वाढतं आणि ओव्हरबूस्ट होतो.

आटे_सैल:
आवळलेलो रॉड सैल करूक कोण येणा नाय. टर्बो हातात घेऊनच येतत.

खारी_हवा:
सगळे दाबावर बोलताहेत, तापमानावर कोणी नाही. सिलिंडरला बार मिळत नाहीत, हवेचं वजन मिळतं. गणित मांडतो. मे महिना, बाहेर 36°. बूस्ट 1.2 म्हणजे एकूण दाब 2.2 बार. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर हवा टर्बोतून बाहेर पडताना साधारण 148° असते. बूस्ट 1.4 केला की छोटा कॉम्प्रेसर त्याच्या सोयीच्या टप्प्याबाहेर जातो, कार्यक्षमता 65 वर आली तर हवा 171° होते.

आता इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी. चांगला, स्वच्छ इंटरकूलर बाहेरच्या तापमानाच्या वरची 70 टक्के उष्णता काढतो. तेव्हा 1.2 ला हवा 70° ने इंजिनात जाते. पण फटींमध्ये जांभ्याची लाल धूळ, पावसाळ्यातला वाळलेला चिखल आणि खाऱ्या हवेने गंजून भुगा झालेल्या फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) असतील, त्यात घाटातला 20 चा वेग, तर तोच इंटरकूलर 50 टक्क्यांवर येतो. हवा 92° ने जाते. घनता काढा: नुसता इंटरकूलर स्वच्छ केला तर 1.2 बारवरच हवा 6 टक्के वाढते. घाण इंटरकूलर तसाच ठेवून रॉड आवळून 1.4 केला तरीही वाढ तेवढीच, 6 टक्के! फरक एवढाच की दुसऱ्या वाटेने टर्बो जास्त फिरतो, बॅकप्रेशर वाढतं आणि हवा 100° च्या वर जाते. ज्या फायद्यासाठी तुम्ही टर्बोचं आयुष्य खर्चायला निघालात तो पाण्याच्या नळीखाली मिळतो.

धुताना मात्र इंटरकूलर खोलून काढा. पाणी मागच्या बाजूने, कमी दाबाने मारा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन्स आडव्या होतात. रेडिएटर धुवायचं ॲसिड किंवा कॉस्टिक अजिबात नको, ॲल्युमिनियम खातं.

देवगड_पिकअप:
गणित मान्य. पण मग स्वच्छ इंटरकूलर अधिक 1.4 बार का नको? तुमच्याच आकड्यांनी आणखी 7 टक्के निघतात.

चिपळूण_रिमॅप:
निघतात, पण रॉडने नाही. इथे मी दोघांच्याही विरोधात आहे. रॉड आवळणं म्हणजे ईसीयूच्या पाठीमागून काम करणं. हवा वाढवायची तर डिझेलचं प्रमाण, इंजेक्शनची वेळ, रेल प्रेशर, स्मोक लिमिटर (धूर होऊ नये म्हणून डिझेलवरची मर्यादा), सगळं सोबत हललं पाहिजे, आणि ते फक्त रिमॅपने, म्हणजे ईसीयूतलं सेटिंग नव्याने लिहून, होतं. चांगल्या रिमॅपमध्ये 1500 ते 2200 आरपीएममधला टॉर्क वाढवतात, वरचं टोक फारसं छेडत नाहीत. भरलेल्या गाडीला हवं असतं नेमकं तेच. "कंपनीचं सेटिंग पवित्र" असं काही नसतं. एकाच इंजिनाला वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळी ताकद देऊन कंपन्या स्वतःच ते दाखवतात.

कुडाळी_पाना:
वेगवेगळ्या ताकदीला वेगळे इंजेक्टर, वेगळा टर्बो, वेगळा क्लच आणि वेगळा इंटरकूलरही बहुतेकदा असतो, ते सोयीस्करपणे गाळलंत. रिमॅप मोकळ्या गाडीसाठी करून देतात, वापर होतो भरलेल्या गाडीवर. मोकळी कार पूर्ण पेडलवर 10 सेकंद असते. भरलेली पिकअप घाटात 10-15 मिनिटं सलग. टर्बोच्या तोंडाशी एक्झॉस्टचं तापमान सतत 750° च्या वर राहिलं की आधी मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करणारा पाइप) तडा, मग टर्बाइनच्या पात्यांची टोकं. बीएस6 गाडीत काजळी वाढली की डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) चोंदतो. आणि क्लच? खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवला की पहिला जळतो तो.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही. वॉरंटी तर जातेच, अपघातात विम्याच्या दाव्यालाही फाटा फुटू शकतो.

चिपळूण_रिमॅप:
म्हणूनच एक्झॉस्ट तापमानाचा प्रोब लावल्याशिवाय भरलेल्या गाडीचा रिमॅप करू नये, हे मीही म्हणतो. प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये. टर्बोनंतर लावलेला प्रोब बराच कमी आकडा दाखवतो आणि खोटा धीर देतो. क्लचचा मुद्दा बरोबर, 2000 च्या खाली टॉर्क हळूहळू चढवावा लागतो. पण योग्य रिमॅप म्हणजे इंजिनाची हत्या, हे मानत नाही.

घाटमाथा:
वर हवा विरळ असते म्हणून बूस्ट वाढवावाच लागतो, असं ऐकतो. यात तथ्य किती?

मॅप_वाचक:
थोडं. आंबोली साधारण 690 मीटर. समुद्रसपाटीला हवेचा दाब 1013 मिलिबार, तिथे सुमारे 930. टर्बो नसलेलं इंजिन 8 टक्के हवा गमावतं. स्प्रिंगवर चालणारा वेस्टगेट बाहेरच्या हवेच्या तुलनेत 1.2 बार धरतो, म्हणजे एकूण दाब 2.21 वरून 2.13 होतो, घट 4 टक्क्यांच्या आत. ईसीयूच्या ताब्यातला टर्बो एकूण दाब धरतो, म्हणून तिथे घट जवळपास नाही, पण तो भरून काढायला टर्बो आधीच जास्त वेगाने फिरतो. छोटे टर्बो तसेही मिनिटाला 2 लाख फेऱ्यांच्या आसपास जातात. त्यामुळे महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, आवळलेला रॉड जास्त धोक्याचा आहे, कमी नाही.

बूस्ट मोजताना होणारा घोळही सांगून टाकतो. फोनवरच्या ओबीडी (गाडीच्या निदान सॉकेटला जोडलेल्या) ॲपमध्ये दिसणारा मॅप सेन्सरचा आकडा एकूण दाबाचा असतो. 220 (किलोपास्कल) दिसलं म्हणजे 2.2 बार बूस्ट नव्हे, त्यातून 101 वजा करा, 1.2 उरतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना रत्नागिरीत तो 100-101 दाखवत नसेल तर सेन्सरच काजळीने माखलाय किंवा कनेक्टर हिरवा पडलाय. साध्या ओबीडीत हा आकडा 255 च्या पुढे जातच नाही. तिथे अडकला असेल तर खरा दाब किती हे तुम्हाला कळणारच नाही. इनटेक तापमानही सोबत बघा. घाट चढतानाही ते बाहेरच्या हवेइतकंच दिसत असेल तर तो सेन्सर टर्बोच्या आधीचा आहे, इंटरकूलरबद्दल काही सांगत नाही.

पावसाळी_गाडी:
हवेतल्या बाष्पाचं कोणीच बोललं नाही. जुलैत 27°, आर्द्रता 95 टक्के. दाब 2.2 पट झाला की बाष्पाचा दाबही तेवढाच वाढतो आणि दवबिंदू 26 वरून 40° च्या आसपास जातो. पावसाने भिजलेला इंटरकूलर हवा त्याखाली नेतो, मग आतच पाणी सुटतं. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) येणाऱ्या तेलाच्या वाफेशी मिळून तळाला ताकासारखा गाळ साचतो. पावसाळा संपला की खालचा होज काढून तो निथळवावा. तेलाचा पातळ थर चालतो. ओतण्याइतकं तेल निघालं तर ब्रीदर किंवा टर्बोचं सील तपासा, कारण ते इंजिनाने एकदम ओढलं तर डिझेल इंजिन स्वतःच्या तेलावर बेफाम सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही.

कुडाळी_पाना:
याच होजमुळे निम्म्या गाड्यांची ओढ जाते. रॉडला हात लावण्याआधी गळती तपासा. टर्बोच्या आउटलेटपासून इनटेकपर्यंतची लाइन दोन्ही टोकांना बूच लावून वेगळी करा आणि रेग्युलेटरने 1 बार हवा भरा. कॉम्प्रेसरची सरळ 7-8 बार हवा देऊ नका, बूच गोळीसारखं सुटतं आणि इंटरकूलर फाटतो. मग साबणाचं पाणी. होज बहुतेकदा क्लॅम्पच्या कडेला किंवा खालच्या अंगाला, जिथे तेल मुरून रबर फुगतं तिथे फुटतो. मोकळ्या गाडीत कळत नाही, लोडवर चीर उघडते: शिट्टी, काळा धूर आणि पी0299 (बूस्ट कमी पडल्याचा कोड). खारट हवेत साधे क्लॅम्प एकदोन पावसाळ्यांत आवळण्यापलीकडे जातात, स्टेनलेसचे घाला. व्हॅक्युमवर चालणारा टर्बो असेल तर बारीक नळ्याही बघा. मांगरात, म्हणजे शेडमध्ये, उभ्या गाडीच्या नळ्या उंदीर हमखास कुरतडतात. अशा बहुतेक डिझेल व्हीजीटीत इंजिन सुरू होताच रॉड आत ओढला गेला पाहिजे आणि बंद करताच सुटला पाहिजे.

देवगड_पिकअप:
ठीक. होज, इंटरकूलर, मग रॉडचा ताण गेजवर, हा क्रम मान्य. पण हे सगळं जागेवर असताना स्वच्छ इंटरकूलरवर 1.3 बार चालवायला हरकत आहे, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

मॅप_वाचक:
मग नोंद टाका. घाट तोच, लोड तोच, गियर तोच. आरपीएम, मॅप, इंटरकूलरनंतरचं तापमान आणि रेल प्रेशर असे चार रकाने, 1.2 आणि 1.3 दोन्हीचे. रेल प्रेशर आणि चढायचा वेळ बदललाच नाही तर ईसीयूने जादा हवेचं काही केलेलं नाही.

खारी_हवा:
आणि घाट चढून गाडी थांबवल्यावर एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. लालबुंद टर्बाइनशेजारच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून काजळी धरतं, बारीक ऑइल पाइप चोंदतो, आणि मग बूस्ट 1.2 होता की 1.4 यावर भांडायला टर्बो उरत नाही.

चिपळूण_रिमॅप:
नोंदीत एक्झॉस्टचं तापमान पाचवा रकाना म्हणून घाला. 1.3 ला ते उतरलं तर देवगडवाल्यांचा मूळ मुद्दा खरा. चढलं तर तुमचा टर्बो 1.2 लाच दमलेला आहे.