अनुभव धागा: पाठ केलेलं रोजच्या दिवसात कुठे उतरलं?

परवा मुलाला कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, शिकवायला बसले. अरबीत 'ह' दोन, एक घशाच्या मधून, दुसरा पार तळातून. तो नीट म्हणाला आणि मग विचारलं, "अम्मी, याचा अर्थ काय?" मला सांगता येईना. लहानपणी कुराणाचे तीसही पारे, म्हणजे भाग, मी सुरात वाचून काढले होते, अर्थ कळला तो तिशीत अनुवाद हाती घेतल्यावर. सगळ्यात आधी उतरलेला शब्द 'इकरा', म्हणजे वाच! आणि आम्ही वाचलं ते न समजता.

तर लिहा. धर्मामुळे तुमचं शिकणं सोपं झालं की अडलं, आणि रोजच्या दिवसात त्यातलं काय उरलं? प्रवचनं नकोत, फतवे तर नकोतच.

हाफिज, आता प्रोग्रामर

हिफ्ज म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ करणं. लोकांना वाटतं, रोज नवं पान पाठ केलं की झालं. नवा सबक, म्हणजे धडा, सोपाच असतो हो! घाम फुटतो तो मंजिलला, म्हणजे जुने पारे आळीपाळीने ऐकवताना. एकसारख्या आयती, म्हणजे ओळी, फार छळतात. एका सूरेत, म्हणजे अध्यायात, शिरायचो आणि नकळत दुसरीतून बाहेर पडायचो. सूरह रहमानमध्ये एकच ओळ 31 वेळा येते. ती कुणी विसरत नाही, तिच्यानंतर काय येतं तिथे गाडी अडते.

उस्तादांच्या हातात छडी असायची. ते तेव्हाही चूक होतं. शाळेत मी मागे पडलो, आणि कॉलेजात सूत्रं घोकून गेलो तो पहिल्याच वर्षी आपटलो, कारण 'का' विचारायची सवयच नव्हती. पण अडखळलं की मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, हा हट्ट अंगात मुरलाय. कोडमधली चूक मी अजून तशीच शोधतो.

हिशेबनीस

माझं उलट झालं. गणित आवडलं तेच फराइजमुळे, म्हणजे वारसाहक्काच्या वाटण्यांमुळे. अब्बा जेवताना कोडी घालायचे. एकदा म्हणाले, बाई वारली, मूलबाळ नाही, आईवडील नाहीत. मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवऱ्याला अर्धा हिस्सा, बहिणींना मिळून दोन तृतीयांश. बेरीज केली तर सात षष्ठांश! मी म्हटलं, अब्बा, उदाहरण चुकलं तुमचं. ते हसले. "सहाऐवजी सात भाग कर. तीन नवऱ्याला, चार बहिणींना." याला 'औल' म्हणतात; सुन्नी फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, चालतं, शिया फिकह मानत नाही. जुना गणिती अल-ख्वारिझ्मी, त्याच्या बीजगणिताच्या पुस्तकात अशाच वाटण्यांचा मोठा भाग आहे, हे पुढे कळलं तेव्हा अब्बांची फार आठवण आली.

जकातीतही, म्हणजे बचतीतून द्यायच्या सक्तीच्या दानातही, गंमत आहे. चाळिसावा भाग द्यायचा, पण तो चांद्र वर्षाला, म्हणजे साधारण 354 दिवसांना. ताळेबंद 365 दिवसांचा असेल तर अडीच टक्के कमी पडतात, साधारण 2.58 घ्यावे लागतात.

एक खटकतं ते सांगते. मुलीला मुलाच्या निम्मं का, तर घरखर्चाची जबाबदारी मुलावर, हे अब्बांचं उत्तर तेव्हा पटलं होतं. आज आमचं घर मी चालवते.

शिक्षक, मुसलमान नाही

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे काही वर्षं तो परीक्षेत येतो. हे माहीत नसताना मी एका मुलाला भर उन्हात मैदानावर पळवलं. तो मुकाट पळाला आणि घेरी येऊन पडला. आजारी माणसाला, प्रवाशाला रोजा सोडून नंतर भरून काढता येतो, हे त्यानेच मला मागाहून सांगितलं. त्याला दोन दिवस ताप होता. "मग धरलास कशाला?" "सर, घरात सगळे धरतात." तेव्हापासून मी त्या महिन्यात पळवत नाही, पण त्या उत्तराचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

डॉक्टर

मी वयात आले तेव्हा चाचांनी माझी शाळा बंद करायला दीन, म्हणजे धर्म, पुढे केला, आणि दादीने चालू ठेवायलाही दीनच. दादीला सही येत नव्हती, पण 'इल्म (ज्ञान) मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज (बंधनकारक)' ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तोंडपाठ. चाचा म्हणाले, ते दीनच्या इल्मबद्दल आहे. दादी म्हणाली, "मग तुझ्या बायकोच्या बाळंतपणाला बाई डॉक्टर आभाळातून आणणार का?"

मोरोक्कोतल्या फेस शहरातलं अल-करवियीन 859 साली फातिमा अल-फिहरी या बाईने उभारलं, अशी परंपरा आहे. हे मी दादीला सांगितलं तेव्हा तिला ऐकू कमी येत होतं. दोनदा सांगायला लावलं, मग म्हणाली, "हे तुझ्या चाचाला सांग. मोठ्याने."

बेनमाजी

पाच वेळची नमाज होत नाही. पहाटेच्या फजरला तर झोपलेलाच असतो. वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, मात्र सुटला नाही. फार चिडलो की उठतो आणि हात, तोंड, पाय धुऊन येतो. काल मुलीने विचारलं, दिवसभरात फर्ज रकाती, म्हणजे नमाजाची आवर्तनं, किती? मी बोटं मोजायला लागलो. दोन, चार, चार, तीन, चार. माझं होईपर्यंत ती "सतरा" म्हणून निघूनही गेली.